उपाशीपोटी

सकाळी सात. बारा तास पोटात काही नाही.
कर्वेनगरच्या लॅबमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर
टोकन नंबर नऊ घेऊन बसले आहे.
पिशवीत अकराव्या प्रकरणाचे कागद,
कारण रांग दिसली की मला लिहावंसं वाटतं
आणि लिहायला बसलं की भूक लागते.

वय सत्तेचाळीस. व्यवसाय?
इथे मी दरवेळी अडखळते.
लेखिका म्हटलं की विचारतात, सिरियल का?
कुमारांसाठी कादंबऱ्या म्हटलं की,
हां, म्हणजे गोष्टीबिष्टी.
आज सरळ 'गृहिणी' लिहून मोकळी झाले.

वडगावशेरीची नववी ब मात्र थेट मुद्द्यावर आली होती:
मॅडम, एका पुस्तकाचे किती मिळतात?
मी खरा आकडा सांगितला.
वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरून, मनापासून,
"त्यापेक्षा वडापावची गाडी टाका ना."

सहकारनगरचा श्रीनिकेत पोस्टकार्ड पाठवतो, शाईपेनानं:
पृष्ठ एकसष्ट, ओळ चार.
स्वारगेटहून कात्रजला जाणारी तनूची बस
डेक्कनवरून जात नाही.
दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्ती व्हावी. कळावे.
दुसरी आवृत्ती! त्याच्या तोंडात साखर पडो.
माझी तर रक्तातच उतरलीय म्हणतात.

एका आईचा फोन आला होता.
पाळीबद्दल इतकं उघड कशाला?
उघड कुठे हो, म्हटलं, तनू दप्तरात लपवतेच आहे की.
पलीकडून बराच वेळ काही नाही.
मग बारीक आवाजात,
"पण ही वाचते कधी? मी झोपल्यावर?"

आणि ती चिठ्ठी. गणिताच्या वहीचा चौकटीचा कागद,
पिशवीत कुणी सरकवला कळलं नाही.
"तनूचा पत्ता द्या. घरचा नको.
पळून गेल्यावर ती राहते तिथला."
सही नाही.
चार वर्षं ती शब्दकोशात आहे, 'प'मध्ये.
उत्तर लिहायला घेते
आणि त्याचं प्रकरण होऊन बसतं.

"नऊ!"

मूठ आवळा, म्हणते मुलगी,
दंडाला रबर बांधते, शीर चाचपते.
फॉर्मवरचं नाव वाचते, मग मला, मग पुन्हा नाव.
"तनूवाल्या तुम्हीच ना? इथे गृहिणी लिहिलंय."
छातीवर बिल्ला, तहसीन मुजावर.
सुई आत गेलेली. मला हलता येत नाही.

आठवीत होते, म्हणाली, भवानी पेठेत.
शनिवारी पुस्तकांची पेटी यायची शाळेत.
तुमच्या पुस्तकाला कव्हर नव्हतं,
शेवटची पानंपण नव्हती.
सतरा जणींनी वाचलं तसंच.

मग?

मग काय, आम्हीच ठरवलं.
सायरा म्हणाली, तनू घरी परत जाते.
तिच्याशी मी आठवडाभर बोलले नाही.
मी तिला हडपसरला ठेवली. मावशीकडे.
दिवसा काम, रात्रशाळा, मग डीएमएलटी.
"दाबून धरा," कापूस ठेवत म्हणाली, "चोळू नका."

मी सांगणार होते.
माझ्या शेवटच्या तीन पानांत तनू परत जाते.
दार उघडतं, आई रडते,
बापाचा उगारलेला हात हळूच खाली येतो.
त्या शेवटाला बक्षीस मिळालं होतं. शाल, नारळ, पाकीट.

खऱ्या पुस्तकात काय होतं, तिनं विचारलं नाही.
नळीवर माझं नाव चिकटवलं
आणि हाक मारली, "दहा!"

बाहेर पायरीवर बसले.
उजवं कोपर दुमडलेलं, म्हणून डाव्या हातानं,
आठवीतल्या पोरीसारख्या वाकड्या अक्षरात
अकराव्या प्रकरणाच्या पाठीवर लिहिलं:
हडपसर. मावशीकडे.
मग थांबले. गल्ली तिलाच विचारावी लागेल.

दोन तासांनी पुन्हा यायचंच आहे,
काहीतरी खाऊन.